सोलापुरातील रुग्णालयात नव्याने रुजू होताना : नानाविध रुग्ण आणि व्यवसायनीती

परिचर्या, वैद्यक, प्रयोगशाळा तंत्रज्ञान, फिजिओथेरपी किंवा औषधनिर्माण यांपैकी कोणत्याही शाखेचे शिक्षण संपवून सोलापुरात प्रथमच कामाला लागणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. व्यवसायनीती हा विषय आपण बहुधा परीक्षेपुरता वाचलेला असतो आणि दीपप्रज्वलनाच्या दिवशी घेतलेली शपथ तेवढी लक्षात राहिलेली असते. प्रत्यक्ष वॉर्डात समोरची वृद्धा फक्त कन्नड बोलते, तिचा मुलगा तिच्या वतीने सगळी उत्तरे देतो आणि आपल्या हातात मराठीत छापलेले संमतीपत्र असते. या शहरात नीतीचे निम्म्याहून अधिक प्रश्न भाषेतून आणि मधल्या माणसातून उभे राहतात, असे वॉर्डात अनेक वर्षे काम केल्यावर माझे मत झाले आहे. त्यामुळे पुढे सर्वांत जास्त जागा मी त्यालाच दिली आहे.

१. रुजू होण्याआधी कागदपत्रे पूर्ण करा

पुढील कागदपत्रांचा एक मूळ संच आणि दोन साक्षांकित संच तयार ठेवावेत.

- आपल्या शाखेच्या राज्य परिषदेचे चालू मुदतीचे नोंदणी प्रमाणपत्र (परिचारिकांसाठी महाराष्ट्र परिचर्या परिषद, डॉक्टरांसाठी महाराष्ट्र वैद्यक परिषद)
- पदवी किंवा पदविकेचे प्रमाणपत्र, सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, आंतरवासिता पूर्ण केल्याचा दाखला
- आधार, पॅन, बँक पासबुकाची प्रत, छायाचित्रे
- राखीव जागेवर नियुक्ती असल्यास जातीचा दाखला व जात वैधता प्रमाणपत्र, आणि लागू असेल तेथे नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र
- शारीरिक पात्रतेचा दाखला आणि हिपॅटायटिस-बी लसीच्या मात्रांची नोंद

विजयपूर, कलबुर्गी किंवा हैदराबादकडे शिकून येथे येणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यांनी मूळ राज्याच्या परिषदेकडून ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन महाराष्ट्राच्या परिषदेत नोंदणी करून घ्यावी. ‘आधी कामाला लागा, नोंदणीचे नंतर पाहू’ असे सांगणारी ठिकाणे भेटतील. अशा ठिकाणी काही अनुचित घडले, तर बिननोंदणीचा कर्मचारी म्हणून पहिले बोट तुमच्याकडेच दाखवले जाईल. दुसरा सापळा मूळ प्रमाणपत्रांचा आहे. ती पडताळणीसाठी दाखवावीत आणि लगेच परत घ्यावीत. नोकरी सोडू नये म्हणून ती कपाटात ठेवून घेण्याची काही खासगी ठिकाणची रीत मान्य करू नये. कराराच्या कागदावर सही करण्यापूर्वी त्याची प्रत मागून घ्यावी.

२. येथे कोण येते, हे पहिल्या आठवड्यातच समजून घ्या

डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ साली सुरू झाले. त्याला जोडलेल्या रुग्णालयाला सारे शहर आजही ‘सिव्हिल’ म्हणते. सिव्हिलच्या ओपीडीत सोलापूर जिल्ह्यातलेच रुग्ण असतात असे नाही. धाराशिवकडचे आणि सीमेपलीकडच्या इंडी, विजयपूर, आळंद, कलबुर्गी भागातले रुग्णही येतात, आणि मोठ्या खासगी व सहकारी रुग्णालयांतही हेच दिसते. शहराच्या पूर्व भागात यंत्रमाग आणि विडीच्या कामावर जगणारी तेलुगू भाषक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांतील अनेक गावांत घरची भाषा कन्नड आहे. दखनी-उर्दू बोलणारे मोहल्ले आहेत, तांड्यांवरून येणाऱ्या बंजारा स्त्रिया आहेत, पारधी वस्त्या आहेत. आषाढीला तर पंढरपुरात लाखो वारकरी येतात आणि जिल्ह्यातील आरोग्य कर्मचाऱ्यांच्या ड्युट्या तिकडे लागतात.

या माहितीचा उपयोग रुग्णाला पटकन एखाद्या खान्यात टाकण्यासाठी करू नये. आडनावावरून भाषा, पेहरावावरून आहार आणि पत्त्यावरून खर्चाची ऐपत ठरवण्याची सवय वॉर्डात फार लवकर लागते. केसपेपरवर नाव लिहितानाच ‘घरी कोणती भाषा बोलता? लिहिता-वाचता येते का?’ असे विचारावे आणि उत्तर ठळक लिहून ठेवावे. एवढ्या एका ओळीमुळे पुढच्या तिन्ही पाळ्यांचे काम सोपे होते.

३. दुभाषी नीट निवडा

सोलापुरात बहुतेकांना थोडी-थोडी सगळ्याच भाषा येतात आणि अडचण नेमकी तिथेच आहे. बाजारात भाव करण्यापुरते मराठी येणारी तेलुगू भाषक स्त्री आपल्या प्रत्येक वाक्याला ‘हो हो’ म्हणते, आणि आपण समजतो की तिला कळले. दखनी बोलणाऱ्या रुग्णाशी आपण मोडक्या हिंदीत बोलतो आणि तेवढे पुरेसे आहे असे धरून चालतो. वेदना कुठे आहे हे विचारण्यापुरते असे बोलणे चालेल, पण गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया समजावण्यासाठी ते चालणार नाही.

दुभाषी म्हणून साधारणपणे चार प्रकारची माणसे समोर येतात : नातेवाईक, वॉर्डातील मामा किंवा मावशी (म्हणजे मदतनीस कर्मचारी), शेजारच्या खाटेवरचा रुग्ण आणि दुसऱ्या विभागातील सहकारी. यांत सर्वांत सहज मिळतो तो नातेवाईक, आणि सर्वांत जास्त गाळणारा माणूसही तोच असतो. रुग्ण दोन मिनिटे बोलते आणि मुलगा आपल्याला सांगतो, ‘काही नाही, बरं आहे म्हणते.’ त्यात वाईट हेतू असेलच असे नाही. आईची भीती डॉक्टरांना काय सांगायची, असे त्याला वाटते, किंवा पांढऱ्या पाण्याच्या तक्रारीचा उच्चार करायला तो लाजतो. म्हणून पुढील क्रम पाळावा.

पहिली गोष्ट म्हणजे, शाळकरी मुलाला कधीही दुभाषी करू नये. आईला कर्करोग झाल्याचे दहा वर्षांच्या मुलीच्या तोंडून आईला कळावे, असा प्रसंग आपल्या सोयीसाठी घडवून आणणे अमानुष आहे. स्त्रीरोग, गर्भधारणा, गुप्तरोग, मारहाण, विषप्राशन आणि मानसिक त्रास या बाबतींत घरच्या माणसाला बाजूला ठेवून रुग्णालयातील कर्मचाऱ्यालाच बोलवावे, आणि रुग्ण स्त्री असेल तर शक्यतो स्त्रीलाच. पती किंवा सासू हटत नसतील, तर ‘तपासणीच्या वेळी बाहेर थांबण्याचा वॉर्डाचा नियम आहे’ असे शांतपणे सांगावे. वाद टळतो आणि रुग्णावर संशयही येत नाही.

दुसरी गोष्ट बसण्याची आहे. दुभाष्याला रुग्णाच्या बाजूला, किंचित मागे बसवावे आणि आपण रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहून बोलावे. वाक्ये लहान ठेवावीत. ‘त्या जे बोलतील ते सगळे सांगा, तुमच्याकडून काही घालू नका, काही गाळू नका’ असे आधीच बजावावे. मामा-मावशी हे काम करीत असतील, तर या गोष्टी बाहेर बोलायच्या नाहीत हेही स्पष्ट सांगावे. आपण त्यांना कामाला लावतो, पण गोपनीयतेचे बंधन कोणी समजावलेले नसते. मावशींच्या मूळ कामाचा वेळ यात जातो, याची जाणीव ठेवून त्यांचे आभार मानावेत आणि इन्चार्ज सिस्टरांना तसे कळवावे.

तिसरी गोष्ट, समजले का असे विचारू नये, कारण उत्तर नेहमी ‘हो’ असते. ‘घरी गेल्यावर ही गोळी कशी घेणार, ते मला सांगा,’ असे विचारावे आणि रुग्णाच्या तोंडून ते परत ऐकावे. विड्या वळणाऱ्या किंवा रात्रपाळी करणाऱ्या माणसाची ‘सकाळ’ आपल्या सकाळीशी जुळत नाही, हे अशा वेळीच कळते.

चौथी गोष्ट, केसपेपरवर दुभाष्याचे नाव, त्याचे रुग्णाशी नाते किंवा पद आणि भाषा लिहावी. आणि पाचवी, तुमच्या वॉर्डात अशी यादी नसेल तर तुम्हीच ती करावी : कोणत्या पाळीला कोणत्या कर्मचाऱ्याला कन्नड, तेलुगू, उर्दू किंवा गोरमाटी (बंजारा समाजाची बोली) चांगली येते. रात्री दोन वाजता हा एक कागद फार उपयोगी पडतो. माणूस जागेवर नसेल तर फोनवरून बोलावे, मात्र स्पीकर लावण्याआधी बाजूची खोली गाठावी.

स्वतः चार शब्द शिकण्याने जवळीक निर्माण होते आणि ते जरूर शिकावेत. ‘एल्ली नोवु इदे?’ हे कन्नडमध्ये आणि ‘एक्कड नोप्पी?’ हे तेलुगूत विचारता आले, तर दुखणारी जागा बोटाने दाखवली जाते. ‘ऊट आय्ता?’ आणि ‘तिन्नारा?’ हे जेवण झाले का विचारणारे प्रश्न भूल देण्याआधी फार कामाचे आहेत. परंतु एवढ्या भांडवलावर संमती घेऊ नये. सोलापुरात १९१० साली जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकासह चीनला गेले आणि तेथे काम करताना त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली. त्यांच्या स्मारकाशेजारून जाणारे आपण शेजारच्या तालुक्याच्या भाषेचा कंटाळा करतो, हे मला नेहमी खटकते.

४. संमतीपत्रावरील सही सर्वांत शेवटी घ्या

सही किंवा अंगठा हा संमतीचा पुरावा असतो आणि संमती त्याच्या आधी घडायला हवी. रुग्णाला आजार काय आहे, काय करणार, का करणार, धोके कोणते, दुसरा पर्याय कोणता आणि काहीच केले नाही तर काय होईल, हे तिच्या भाषेत समजले पाहिजे. हे समजावण्याचे काम उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे आहे. नव्या परिचारिकेला किंवा इंटर्नला ‘जा, सही घेऊन ये’ असे सांगितले जाते. अशा वेळी रुग्णाला माहिती मिळालेली नाही असे लक्षात आले, तर सही न घेता परत जाऊन तसे सांगावे. त्यासाठी आवाज चढवण्याची गरज नसते. ‘सर, त्यांना अजून प्रश्न आहेत, कन्नड बोलणाऱ्या सिस्टरना बोलावले आहे,’ एवढे पुरते.

सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाच्या वतीने नातेवाइकाची सही चालत नाही. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हे स्पष्ट केले. तेथे तपासणीसाठी भूल दिलेल्या स्त्रीच्या आईची संमती घेऊन मोठी शस्त्रक्रिया केली गेली होती, आणि जिवावरचा तातडीचा प्रसंग नसताना अशी संमती वैध नाही, असे न्यायालयाने म्हटले. तपासणीला दिलेली संमती उपचाराला आपोआप लागू होत नाही, हेही त्याच निकालात आहे. आपल्याकडे ‘घरातल्या मोठ्यांची सही’ घेण्याची सवय इतकी मुरली आहे की पत्नीच्या फॉर्मवर पतीची सही नसली तर लिपिक फॉर्म परत पाठवतो. गर्भपाताच्या बाबतीत तर कायद्याला सज्ञान स्त्रीची स्वतःचीच संमती लागते, पतीची लागत नाही. घरच्यांना विश्वासात घेणे हा व्यवहार आहे आणि रुग्णाची इच्छा असेल तर तो करावा, पण त्यांची सही तिच्या सहीच्या जागी ठेवू नये.

अंगठा घेताना मजकूर मोठ्याने वाचून दाखवावा आणि साक्षीदार शक्यतो दुभाष्याहून वेगळा असावा. कन्नड व तेलुगूतील छापील संमतीपत्रे तुमच्या रुग्णालयात आहेत का ते विचारावे. नसतील तर प्रशासनाकडे लेखी मागणी करावी, कारण तोंडी मागण्या पुढच्या बदलीबरोबर विसरल्या जातात.

५. गोपनीयता : आवाज, पाटी आणि मोबाइल

यंत्रमागाच्या खडखडाटात वर्षानुवर्षे काम केलेल्या अनेकांना कमी ऐकू येते. आपण त्यांच्याशी ओरडून बोलतो, आणि त्यांचा मधुमेह, क्षयरोग किंवा आणखी काही सगळ्या वॉर्डाला कळते. अशा रुग्णाला ड्रेसिंगच्या खोलीत न्यावे, समोर बसून सावकाश बोलावे, वाचता येत असेल तर लिहून दाखवावे. पुस्तकात हा मुद्दा सापडणार नाही, पण सोलापुरात तो रोजचा आहे.

एचआयव्हीबाबत २०१७ चा कायदा आहे आणि तो संमतीशिवाय चाचणी करण्यास, संमतीशिवाय माहिती उघड करण्यास आणि उपचारात भेदभाव करण्यास मनाई करतो. तरीही फाइलच्या दर्शनी भागावर लाल शाईने खूण करण्याची पद्धत कुठे-कुठे दिसते. कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी अशी खूण लागते, हा युक्तिवाद चुकीचा आहे, कारण ज्याची चाचणीच झालेली नाही त्याच्यावर खूण नसते. हातमोजे आणि सुईची काळजी प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत सारखीच घ्यायची असते. सुई टोचलीच, तर लाजून गप्प बसू नये. ताबडतोब कळवून प्रतिबंधक औषधे सुरू करावीत, शक्यतो पहिल्या दोन तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत.

विष घेतलेल्या रुग्णाचे नातेवाईक ‘चुकून गेलं असं लिहा’ म्हणून विनवण्या करतात. खोटे लिहू नये. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा गृहीत धरतो आणि तिला शिक्षा होऊ नये अशी त्यात तरतूद आहे. हे सांगितल्यावर बहुतेक नातेवाइकांची भीती कमी होते. आणि मोबाइलबद्दल एवढेच : रुग्णाचे नाव दिसणारा एक्स-रे व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नये आणि वॉर्डात रील करू नये.

६. देह, श्रद्धा आणि सवयी

शस्त्रक्रियेआधी मंगळसूत्र, जोडवी, ताईत, काळा दोरा, गळ्यातले लिंग या वस्तू काढण्यावरून सर्वांत जास्त खटके उडतात. कात्री हातात घेऊन जाऊ नये. कारण सांगावे, काढणे खरोखर आवश्यक आहे का ते थिएटरमधील सिस्टरना विचारावे, आणि काही वस्तू नुसती चिकटपट्टी लावून ठेवता येते का ते पाहावे. एमआरआयसाठी धातू काढावाच लागतो, तेथे तडजोड नाही. काढलेली प्रत्येक वस्तू यादी करून, सही घेऊन नातेवाइकाच्या हाती द्यावी. लिंगायत रुग्णाला लिंग कापडात गुंडाळून जवळच्या माणसाच्या हातात ठेवलेले चालेल का, असे विचारले की बहुधा मार्ग निघतो. प्रश्न मात्र प्रत्येकाला विचारावा लागतो, कारण एकाच घरातील दोन भावांची उत्तरे वेगळी येतात.

रमजानमध्ये इन्सुलिन घेणारा रुग्ण, सूर्यास्तापूर्वी जेवणारा जैन रुग्ण, एकादशीला गोळ्याही न घेणारी आजी, यांना उपदेश करू नये. औषधांच्या वेळा बदलता येतील का हे डॉक्टरांना विचारावे आणि न बदलल्यास होणारा धोका स्पष्ट सांगावा. स्त्री रुग्णाची तपासणी पुरुष डॉक्टर करीत असतील तेव्हा स्त्री कर्मचारी हजर असावी, हा रुग्णांचा हक्क आहे. तृतीयपंथी रुग्णाला कोणत्या नावाने हाक मारायची ते एकदा विचारावे आणि तेच नाव वापरावे. २०१९ च्या कायद्याने त्यांच्याशी आरोग्यसेवेत भेदभाव करण्यास मनाई केली आहे. खाट कोणत्या वॉर्डात द्यायची यावर त्यांच्यासमोर हसत चर्चा करणे हाही भेदभावच आहे.

७. जेथे संस्कृतीचा आदर पुरेसा नाही

काही बाबतींत ‘आमच्यात असेच असते’ हे उत्तर चालत नाही. १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यानुसार गर्भाचे लिंग शब्दांनी, खुणांनी किंवा अन्य कोणत्याही प्रकारे सांगता येत नाही, आणि हे बंधन सोनोग्राफीच्या खोलीतील प्रत्येकावर आहे. ‘पेढे की जिलेबी’ असे विचारणाऱ्याला हसून टाळणेही धोक्याचे आहे, कारण त्या हसण्याचाही अर्थ लावला जातो. स्पष्ट नकार द्यावा.

अठरा वर्षांखालील मुलगी गरोदर असेल, तर लग्न झाले आहे असे घरचे सांगत असले तरी २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे (बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा कायदा) पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. हे ओझे नव्या कर्मचाऱ्याने एकट्याने उचलू नये. वरिष्ठांना लगेच सांगावे आणि सांगितल्याची वेळ नोंदवावी. मुलीशी मात्र न्यायाधीशाच्या आवाजात बोलू नये आणि उपचार थांबवू नयेत. अपघाताच्या रुग्णाबाबतही तसेच आहे. परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्याप्रमाणे आधी जीव वाचवायचा आणि पोलिसी सोपस्कार नंतर पूर्ण करायचे.

८. सहकाऱ्यांमधील भेद

रुग्णांशी समानतेने वागणारी माणसे चहाच्या खोलीत ‘कोट्यातून आलेली’ असे सहज बोलून जातात. कर्नाटकातून किंवा केरळातून आलेल्या परिचारिकेच्या मराठीची नक्कल होते, तिला सणांच्या दिवशी हमखास ड्युटी लागते, सफाईच्या कर्मचाऱ्याचा कप वेगळा ठेवला जातो. नवागताने पहिल्याच दिवशी भाषण द्यावे असे मी म्हणत नाही. पण त्या हसण्यात सामील न होणे आणि ड्युटीचे वेळापत्रक सर्वांना सारखे असावे असे बैठकीत म्हणणे, एवढे पहिल्या महिन्यातही करता येते. त्रास जातीवरून होत असेल, तर तो वैयक्तिक भांडण समजून सोडू नये. वैद्यकीय महाविद्यालयांसाठी २०२१ चे रॅगिंगविरोधी विनियम आहेत.

लैंगिक छळाबाबत २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते. सोलापुरातील अनेक छोट्या नर्सिंग होममध्ये दहापेक्षा कमी माणसे असतात, आणि तेथील स्त्रियांना वाटते की आपल्याला दाद मागायला जागा नाही. त्यांच्यासाठी जिल्हास्तरावर स्थानिक समिती असते. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते आणि सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने मिळू शकतात. रुजू होतानाच समितीच्या सदस्यांची नावे असलेला फलक कुठे लावला आहे ते पाहून ठेवावे.

९. कट (कमिशन) आणि भेटवस्तू

रुग्ण पाठवल्याबद्दल किंवा तपासण्या लिहिल्याबद्दल कमिशन घेणे डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नीतिविनियमांनी निषिद्ध आहे. प्रयोगशाळेच्या किंवा रिसेप्शनच्या कर्मचाऱ्याला मिळणारे पाकीट याच साखळीतले असते, आणि त्याचा भार बहुधा मराठी न वाचता येणाऱ्या रुग्णाच्या बिलावर पडतो. बरे झालेल्या रुग्णाने आणलेली पेढ्यांची पुडी सगळ्या वॉर्डाने वाटून खावी. पैसे मात्र परत करावेत.

१०. काही अनुचित दिसले तर

त्याच पाळीत लिहून काढावे. तारीख, वेळ, जागा, स्वतः पाहिलेले आणि ऐकलेले वेगवेगळे लिहावे. मत किंवा विशेषणे घालू नयेत. ‘दुभाषी न बोलावता सही घेतली’ हे निरीक्षण आहे, ‘निष्काळजीपणा केला’ हे मत आहे. प्रथम इन्चार्ज सिस्टर किंवा युनिटप्रमुखांकडे द्यावे, तेथे काही झाले नाही तर वैद्यकीय अधीक्षकांकडे द्यावे, आणि प्रत्येक वेळी पोच घ्यावी. रुग्णाचा केसपेपर घरी नेऊ नये, त्याचा फोटोही काढू नये. स्वतःच्या नोंदीत रुग्णाचे नाव न लिहिता नोंदणी क्रमांक लिहावा. रुग्णाने स्वतःच्या कागदपत्रांची प्रत मागितली, तर २००२ च्या विनियमांप्रमाणे ती ७२ तासांत द्यावी लागते, हे त्याला सांगण्यात कोणाशीही बेइमानी नाही. केसपेपरवरील मजकूर दुरुस्त करायचा झाल्यास पांढरी शाई वापरू नये. मूळ शब्द वाचता येतील अशी एकच आडवी रेघ मारावी आणि शेजारी सही, तारीख व वेळ घालावी.